बेडसाइड कॉट, बॉक्स पलंग आणि वन बीएचके: लेक रांगेपर्यंतचा अनुभव

लेक ऑगस्टमध्ये झाली, आता घरभर रांगते. तिच्या जन्माआधी आम्ही पलंगाला चिकटवून ठेवायची कॉट घेतली होती. दुकानात तिला बेडसाइड कॉट किंवा को-स्लीपर म्हणतात. तिचं काम आता संपलं, म्हणून सविस्तर लिहिते. घेण्याआधी मला जे हवं होतं ते कुठे एका जागी मिळत नव्हतं. आपल्याकडच्या पलंगाला ती बसते का, सिझर झाल्यावर तिचा उपयोग होतो का, डास आणि थंडीचं काय करायचं, आणि दहा हजारांच्या आसपास पैसे घालण्याइतकी ती कामाची आहे का.

आमचं घर नाशिकला, इंदिरानगरमध्ये. हॉलमध्ये सासूबाई, आत आम्ही. नवऱ्याची अंबड एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. बाळाला वेगळ्या खोलीत झोपवायचं का, हा प्रश्न आमच्याकडे नव्हताच, कारण वेगळी खोलीच नाही. प्रश्न होता तो त्याच खोलीत नेमकं कुठे, याचा.

बाळंतपणाआधीच एका बालरोगतज्ज्ञांना भेटून हे विचारलं होतं. त्यांनी फार साध्या भाषेत सांगितलं. बाळ आईबाबांच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या अंथरुणावर. अंथरूण कडक आणि सपाट. बाळ पाठीवर. आणि त्या अंथरुणावर बाळाशिवाय काहीही नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शनात हेच आहे, निदान पहिले 6 महिने. धडधाकट बाळ झोपेतच दगावतं आणि तपासणी करूनही कारण सापडत नाही, त्याला सिड्स म्हणतात. एकाच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर झोपवल्याने हा धोका निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो, असं याच संस्थेने 2016 मध्ये सांगितलं होतं. त्याशिवाय मोठ्यांच्या पलंगावर वेगळे धोके असतात: मऊ गादीत तोंड रुतणं, पांघरूण नाकावर येणं, गादी आणि भिंतीच्या फटीत अडकणं.

आता कॉटबद्दल. घेताना सगळ्यात आधी स्वतःचा पलंग मोजा. अशा बहुतेक कॉटचे पाय इंग्रजी एल अक्षरासारखे असतात, त्यांचा आडवा भाग पलंगाखाली सरकतो आणि मगच कॉट पलंगाला घट्ट लागते. आपल्याकडे बऱ्याच घरांत बॉक्स पलंग, म्हणजे खाली सामान ठेवायची पेटी आणि ती थेट जमिनीला टेकलेली. पाय सरकवायला जागाच नाही. कॉट तीन-चार इंच लांब राहते आणि मध्ये फट पडते. हीच फट सगळ्यात धोक्याची. आम्ही मुद्दाम पाय दुमडता येणारी घेतली. पहिला सवा महिना मी पंचवटीत आईकडे होते, तिथे जुना लोखंडी पलंग, खालून मोकळा, तिथे पाय सरळ आत गेले. इंदिरानगरला आल्यावर ते दुमडले आणि कॉटचे पट्टे आमच्या गादीखालून नेऊन पलंगाच्या पलीकडच्या कडेला आवळले. पट्टे दोन आठवड्यांत थोडे सैल होतातच. दर रविवारी चादर बदलताना नवरा कॉट हलवून बघायचा, फटीत बोटं जातात का तपासायचा. टॉवेल कोंबून फट बुजवा असा सल्ला एका दुकानदाराने दिला होता. तो अजिबात ऐकू नका, टॉवेल खाली जातो आणि फट तशीच राहते.

दुसरं माप उंचीचं. आमचा पलंग गादीसकट 20 इंच. कॉटची उंची पायऱ्यापायऱ्यांनी बदलते, पण कमीत कमी उंची किती हे जाहिरातीत नीट दिलेलं नसतं, विचारून घ्यावं लागतं. कॉटची गादी आपल्या गादीपेक्षा किंचित खाली हवी आणि मध्ये छोटी कड उभी राहायला हवी. त्या कडेमुळे आपलं पांघरूण तिकडे घसरत नाही आणि बाळही गडगडत आपल्याकडे येत नाही.

कॉटबरोबर एक "संपूर्ण सेट" फुकट आला: चिमुकली उशी, लोड, कडेला लावायचे फुगीर पॅड, रजई. दिसायला गोड होता. लोड बैठकीत गेला, बाकी सगळं माळ्यावर टाकलं. अशी फुगीर पॅड विकायला अमेरिकेत 2022 च्या कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे ती भेट म्हणून मिळतात, याचा मला खरंच राग आहे. ज्या बाईने याबद्दल काही ऐकलेलं नाही, ती ती लावणारच ना!

सिझर झालेल्यांसाठी खास सांगते. पहिले पंधरा दिवस कुशीवर वळून उठणंसुद्धा टाक्यांवर ताण देतं. पाळण्यातून वाकून बाळ उचलायचं म्हणजे तर परीक्षाच. कॉटमध्ये बाळ माझ्या कोपराच्या रेषेत होतं. एका हाताने तिला सरकवत जवळ घ्यायचं, कुशीवर पाजायचं, परत सरकवायचं. नवजात बाळ 24 तासांत आठ ते बारा वेळा पितं, आणि दूध वाढवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त तयार होतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं टाळूनही चालत नाही. कॉटचे पैसे माझ्या हिशोबी या पहिल्या महिन्यातच वसूल झाले.

जवळ असण्याचा आणखी एक फायदा झाला, तो मी अपेक्षिला नव्हता. छोटी बाळं झोपेत खूप आवाज करतात. कण्हतात, चेहरा वाकडा करतात, हात झाडतात. त्यांची साधारण निम्मी झोप अशी चळवळीची असते. हाताच्या अंतरावर असल्यामुळे हळूहळू कळायला लागलं की हे जागं होणं नाही. तोंडाने शोधायला लागली, मूठ चोखायला लागली की भूक. रडं फुटायच्या आधीच घेता यायचं, त्यामुळे दोघीही पूर्ण जाग्या व्हायचो नाही.

आता जे प्रत्येक घरात होतं आणि ज्याबद्दल कुणी मोकळं बोलत नाही, ते. पाजता पाजता आईला झोप लागते. लागणारच. डॉक्टरांनी याचाही विचार आधीच करायला लावला. त्यांचं म्हणणं, झोप येतेय असं वाटलं तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून कधीच पाजू नका, ते पलंगापेक्षा किती तरी धोक्याचं. त्यापेक्षा पलंग आधीच तसा तयार ठेवा. मग आम्ही पलंगाची माझी बाजू मोकळी केली. आमची मऊ फोमची गादी काढून काथ्याची आणली. माझी उशी एकच, पांघरूण कमरेपर्यंत. केस बांधलेले, गाऊनला नाड्या नाहीत, ओढणी नाही, आणि रात्री मंगळसूत्र काढून कपाटात. मंगळसूत्रावर आईच्या घरी दोन दिवस कुजबुज झाली. मग सासूबाईंनीच फोनवर सांगितलं, "पोरीच्या गळ्याला गुंतलं तर काय करायचं? काढून ठेव, हातात हिरव्या बांगड्या आहेत तेवढ्या पुरे." विषय तिथेच मिटला. नवऱ्याचं अंथरूण खाली जमिनीवर. शिफ्ट करून आलेला माणूस गाढ झोपतो, त्याला बाळाची जाणीव राहत नाही. जाग आली की लेकीला परत कॉटमध्ये सरकवायचं.

ज्या घरात कुणी सिगारेट-बिडी ओढतं, कुणी दारू घेतलेली असते, किंवा झोप आणणारी औषधं चालू असतात, तिथे एका पलंगावर बाळ घेऊ नये. बाळ दिवसांआधी झालेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल तरीही नाही. याला माझ्या मते काही पर्याय नाही.

सासूबाई मूळच्या निफाडकडच्या. त्यांचं म्हणणं, "आम्ही पाचही जणांना कुशीत घेऊन झोपलो, कुणाला काही झालं नाही." मला त्यांचं बोलणं उडवून लावायचं नव्हतं, आणि विचार करता त्यात बरंच तथ्य दिसलं. त्या जमिनीवर झोपायच्या. खाली सतरंजी, वर गोधडी. ना फोम, ना पलंगाची कड, ना भिंतीशी फट. त्या कशा झोपायच्या ते त्यांनी मला आडवं होऊन दाखवलं: कुशीवर, गुडघे बाळाच्या पायांखाली दुमडलेले, हात बाळाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना यांनी अंगावर पाजणाऱ्या आया आणि बाळं एकत्र झोपतात तेव्हा काय होतं याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि त्यांनी वर्णन केलेली आईची झोपण्याची ढब हुबेहूब हीच. जवळ झोपणं ही आपल्याकडची चांगलीच गोष्ट आहे. पण सासूबाईंची सतरंजी वेगळी आणि आमची आधीची आठ इंची फोमची गादी वेगळी, हे त्यांना मी समजावलं आणि त्यांनाही ते पटलं.

मोहरीच्या उशीवर मात्र ताणाताणी झाली. डोकं गोल व्हावं म्हणून ती प्रेमाने शिवून आणली होती. डॉक्टरांनी सांगितलं, उशी नको. जागी असताना पोटावर खेळवा, झोपवताना कधी डावीकडे कधी उजवीकडे मान ठेवा. डोकं चांगलं गोल आहे आता. झोळीही बांधली होती हॉलमध्ये. झोळीत पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकते, म्हणून तिथे रात्रीची झोप नाही. दुपारी सासूबाई शेजारी बसून झोके द्यायच्या, लेक झोपली की मी कॉटमध्ये ठेवायचे.

पावसाळ्यात खरा त्रास डासांचा. कॉटला बसणारी छत्रीसारखी मच्छरदाणी मिळते, पण ती लावली की पलंगाकडची बाजू बंद होते, मग कॉट घेण्याचा अर्थच काय? आम्ही छताला चार हुक मारून पलंग आणि कॉट दोन्ही आत येतील अशी मोठी मच्छरदाणी टांगली आणि तिच्या कडा गादीखाली खोचल्या. कॉटकडच्या बाजूला कडा कॉटच्या बाहेरून खाली सोडल्या, बाळाच्या अंगाशी कुठेही जाळी येऊ दिली नाही. धुराची कॉइल खोलीत नाही, धुरीही नाही. कॉटच्या गादीला ओलीची घाण येते, म्हणून ऊन पडलं की ती गॅलरीत. गादीचे दोन अभ्रे कमी पडतात, चार तरी घ्या, आणि तेही चारी बाजूंनी लवचिक पट्टी असलेले.

थंडीची मला जास्त काळजी होती. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा 10 अंशांखाली उतरतो, निफाडला तर त्याहून खाली. रजई नको म्हटल्यावर सासूबाई घाबरल्याच. त्यावर उपाय म्हणजे अंगात घालायची झोपेची पिशवी, बाह्या मोकळ्या आणि पायाकडे बंद. आतून सुती झबलं आणि लेगिंग. आपण जेवढे कपडे घालतो त्याहून एखादा थर जास्त, एवढंच गणित. टोपरं घरात झोपताना नाही, बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता डोक्यातून जाते. हात गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून बघायचं. तिथे घाम आला तर कपडे जास्त झालेत. ब्लोअर झोपायच्या आधी थोडा वेळ लावून बंद करायचो. कोळशाची शेगडी बंद खोलीत रात्री ठेवायची नाही म्हणजे नाही, कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो सगळ्या घराचा जीव घेतो. दिवसाच्या शेकासाठी खिडकी उघडी ठेवून तेवढ्यापुरती शेगडी पेटवली, एवढंच.

कॉट किती दिवस चालते, हे घेताना कुणी सांगत नाही. आमच्या पुस्तिकेत 9 किलो वजन किंवा बाळ हात-गुडघ्यांवर उठू लागणं, यातलं जे आधी होईल ते, असं आहे. लेक जानेवारीत पालथी पडायला लागली आणि थोड्याच दिवसांत हातांवर उचलून बघू लागली. त्या आठवड्यातच कॉट बंद केली. म्हणजे उपयोग साडेपाच महिन्यांचा. ज्यांना हे थोडं वाटतं त्यांनी सरळ उंच कठड्याची साधी लाकडी कॉट पलंगाशेजारी ठेवावी, ती जास्त टिकते. बाळ उठून बसायला लागलं तरी चालतं, फक्त रात्री पाजताना उभं राहावं लागतं. ज्यांच्याकडे जमिनीवरच अंथरूण आहे त्यांनी यातलं काहीच घेऊ नये. बाळाची वेगळी छोटी काथ्याची गादी स्वतःच्या गादीशेजारी टाकली की काम झालं.

आम्हीही आता त्यावरच आलोय. ओळखीच्या गादीवाल्याकडून तीन इंची काथ्याची गादी करून घेतली, खोलीच्या मध्यावर, भिंतीपासून लांब. कपाट भिंतीला पट्टीने ठोकलं, सॉकेटला झाकणं लावली. लेक रात्री दोनदा उठते, पिते, परत तिच्या गादीवर जाते. कधी कधी स्वतःच सरकत माझ्या गादीवर येते.

कॉट सिन्नरला नणंदेकडे जाणार आहे, तिला सातवा महिना चालू आहे. पट्टे, बोल्ट आणि पुस्तिका एका पिशवीत बांधून ठेवलंय, सेट मात्र दिला नाही. तिचा पलंग लाकडी, खालून मोकळा, त्यामुळे पाय दुमडायला लागणार नाहीत. उंची मोजून कळवायला सांगितली आहे, अजून तिचा फोन आलेला नाही.