लिटल बिगहॉर्नची क्रो गाईडवाली बस टूर : यलोस्टोनला जाताय तर ही चुकवू नका

यलोस्टोनहून माउंट रशमोरकडे किंवा उलट दिशेने ड्राइव्ह करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. आय-९० वर मोंटानात बिलिंग्जपासून तासाभराच्या अंतरावर, क्रो एजन्सी गावाजवळ, लिटल बिगहॉर्न बॅटलफील्डचा एक्झिट लागतो आणि आपले बहुतेक लोक एक तर सरळ पुढे जातात नाहीतर दहा मिनिटं थांबून टेकडीवरचा फोटो काढून निघतात. तसं करू नका, निदान अर्धा दिवस ठेवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे क्रो या मूळ अमेरिकन जमातीची स्वतःची बस टूर असते, अप्सालुके टूर्स नावाची, तिची तिकिटं काढा. उन्हाळ्यातच असते, साधारण मेमोरियल डे ते लेबर डे, म्हणजे मे अखेर ते सप्टेंबरची सुरुवात. तासाभराची टूर, गाईड क्रो जमातीचेच. पार्कची एन्ट्री वेगळी आणि बसचं तिकीट वेगळं, तुमच्याकडे नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर एन्ट्री त्यात होऊन जाते.

आता एवढं कळकळीने का सांगतेय ते. इथली लढाई म्हटलं की सगळ्यांना अमेरिकन आर्मीचा अधिकारी कस्टर आठवतो. २५ जून १८७६, त्याचं घोडदळ सेव्हन्थ कॅव्हलरी, समोर लाकोटा सू आणि शायेन जमाती, आणि कस्टरच्या स्वतःच्या पाच कंपन्यांमधले साधारण २१० जण, एकही वाचला नाही. हे सगळं पाट्यांवर आहे, मोबाईलवर ऐकता येतं, त्यासाठी बस लागत नाही. पण आमच्या गाईडने बस सुटल्या सुटल्या कस्टरचं नावही न घेता सहा नावं सांगितली: हाफ यलो फेस, व्हाइट स्वान, गोज अहेड, हेअरी मोकॅसिन, व्हाइट मॅन रन्स हिम आणि कर्ली. हे सहा क्रो स्काउट, म्हणजे टेहळे, कस्टरला वाट दाखवायला दिलेले. आणि मग सगळी टूर त्यांच्या, अरिकारा या दुसऱ्या जमातीच्या स्काउट्सच्या आणि दुभाष्यांच्या बाजूने उलगडत गेली. माझे आईबाबा पुण्याहून आले होते, बाबा इतिहासातले दर्दी, ते पहिल्या पाच मिनिटांत म्हणाले अगं ही तर इथली बहिर्जी नाईकांची माणसं. फरक एवढाच की बहिर्जींचे महाराज बहिर्जींचं ऐकायचे.

सगळ्यात भारी भाग म्हणजे क्रोज नेस्ट. बसमधून लांबवर वुल्फ माउंटन्सची रांग दाखवतात, तिथे ही उंच जागा आहे, पार्कच्या हद्दीत नाही त्यामुळे नुसती दिशा बघायची. २५ तारखेच्या पहाटे स्काउट तिथे चढले आणि जवळपास पंधरा मैलांवरचा सूंचा तळ त्यांनी ओळखला. तळ म्हणजे तंबू नाही दिसले, दिसला चुलींचा धूर आणि घोड्यांचा कळप, तोही कसा, तर गवतावर अळ्या वळवळताना दिसतात तसा, असंच त्यांनी स्काउट्सचा प्रमुख लेफ्टनंट व्हार्नमला सांगितलं की अळ्या शोध. व्हार्नमला दिसलं नाही. नंतर कस्टर स्वतः आला, त्यालाही काही दिसलं नाही. गाईडने आम्हाला बसमधूनच खिडकीतून दोन मैलांवरचे घोडे शोधायला लावले, मुलांना सापडले, मला नाही सापडले, आणि मग पंधरा मैलांचा अर्थ कळला. नजर एका रात्रीत तयार होत नाही, ज्या माणसाने लहानपणापासून कळप राखलेत आणि शेजारच्या जमातीचे कळप पळवलेत त्यालाच ते कळतं, आणि आर्मी नेमकी हीच नजर पगारावर घेत होती. १८६६ च्या जुलैमधल्या कायद्याने काँग्रेसने एक हजारापर्यंत इंडियन स्काउट भरती करायला परवानगी दिली, पगार घोडदळाच्या साध्या शिपायाएवढा, म्हणजे १८७६ मध्ये महिना १३ डॉलर. आणि या लोकांना देशाचं नागरिकत्व सरसकट मिळालं ते १९२४ साली. हे ऐकून बसमध्ये बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

इथे एक गोष्ट मला फार आवडली, गाईडने "कस्टरने ऐकलं नाही म्हणून मेला" असं सोप्पं करून नाही सांगितलं. तळ फार मोठा आहे, एवढे सू एका ठिकाणी कधी बघितले नाहीत, हे मिच बूयर दुभाष्याने कस्टरला तोंडावर सांगितलं होतं. पण कस्टरचा आधी बेत होता दिवसभर लपून राहायचं आणि २६ ला पहाटे हल्ला करायचा, आणि तो बेत चुकीचा आहे, आपण सूंना दिसलोय, आपला धूर दिसलाय, आता थांबू नका, हेही क्रो स्काउट्सनीच सांगितलं होतं. म्हणजे अर्धं ऐकलं गेलं, अर्धं नाही. मला वाटतं स्काउटच्या कामातली सगळ्यात मोठी गोची हीच, तुम्ही माहिती द्यायची आणि त्यातलं काय उचलायचं ते दुसरा ठरवणार, आणि जीव मात्र दोघांचाही जाणार.

भाषेचं तर डोकं फिरवणारं प्रकरण आहे. मला आधी वाटायचं इंडियन लोक आपापसात बोलत असतील की. अजिबात नाही. क्रो भाषा वेगळी, अरिकारा भाषेचं तर कूळच वेगळं, अधिकारी फक्त इंग्रजीवाले. क्रो स्काउट्सचं बूयर कस्टरला सांगणार, बूयरचा बाप फ्रेंच, आई सू, बायको क्रो, त्यामुळे त्याला इंग्रजी, सू आणि क्रो सगळं यायचं. अरिकारांचं फ्रेड जेरार्ड सांगणार. आणि क्रो आणि अरिकारा एकमेकांशी बोलणार हाताच्या खुणांनी, ही खुणांची भाषा अख्ख्या मैदानी प्रदेशात चालायची. गाईडने बस थांबवून खुणा करून दाखवल्या, घोडा, सू, पुष्कळ, नदी, कुठलाही शब्द न बोलता एक पूर्ण वाक्य केलं आणि विचारलं काय म्हणालो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने बरोबर सांगितलं! मग पुढचा सगळा वेळ दोघं मुलं खुणांनीच भांडत होती, त्यामुळे त्या बाबतीत पैसे तिथेच वसूल.

लढाईच्या आधी स्काउट्सनी आर्मीचे कपडे उतरवून आपले कपडे घातले, मरायचंच असेल तर आपल्या माणसासारखं मरू म्हणून. हाफ यलो फेस कस्टरला म्हणाला की आज तू आणि मी दोघं अनोळखी वाटेने घरी जाणार आहोत, असं सांगतात. हे वाक्य इंग्रजीत करून सांगायचं कामही बूयरचंच. पुढे कस्टरबरोबरच्या क्रो स्काउट्सचं काम संपलं, वाट दाखवून झाली होती, त्यांना जायला मोकळीक मिळाली. बूयर मात्र गेला नाही, तो कस्टरबरोबर राहिला आणि मेला. का राहिला याचं उत्तर गाईडनेही दिलं नाही. १९८३ मध्ये इथे वणवा लागून गवत जळालं, जमीन उघडी पडली, १९८४ पासून पुरातत्त्ववाल्यांनी खणलं, त्यात चेहऱ्याच्या हाडाचा तुकडा सापडला, दातांवर पाईप ओढून पडलेली झीज, आणि त्याच्या जुन्या फोटोवर ते हाड जुळवून बघितलं तर तो मिच बूयर निघाला. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी त्या माणसाचा ठावठिकाणा लागला. ही जागा डीप रॅव्हिन ट्रेलच्या बाजूला आहे, बस तिथे आत जात नाही, टूर संपल्यावर चालत नक्की जा, ट्रेल छोटा आहे. फक्त पायवाट सोडू नका, रॅटलस्नेक असतात आणि तशा पाट्या लावलेल्या आहेत, गंमत नाही.

बस साडेचार मैलांच्या रस्त्याने रिनो-बेंटीन टेकडीपर्यंत जाते. तिथून खाली नदीचं खोरं दिसतं, झाडी, शेतं, हायवे. कस्टरच्या हाताखालच्या मेजर रिनोने हल्ला केला तो खाली, तो भाग बहुतेक पार्कच्या हद्दीबाहेर आहे म्हणून वरूनच बघायचा. तिथे ब्लडी नाइफ मेला, कस्टरचा सगळ्यात लाडका स्काउट, आई अरिकारा आणि बाप हंकपापा सू, म्हणजे समोर लढत होते ते बापाच्या कुळातले. रिनो त्याला खुणांनी विचारत होता की सू आता काय करतील आणि बोलणं चालू असतानाच ब्लडी नाइफच्या डोक्यात गोळी बसली, रक्त रिनोच्या तोंडावर उडालं. रिनोचा धीर तिथेच सुटला असं बरेच इतिहासकार मानतात. त्याच खोऱ्यात आयझाया डोर्मन पडला, फोर्ट राईसचा कृष्णवर्णीय दुभाषी, बायको सूंपैकी, त्या दिवशी सेव्हन्थ कॅव्हलरीबरोबर मेलेला एकमेव काळा माणूस. त्याच्याविषयी गाईड दोनच मिनिटं बोलला, मला अजून ऐकायला आवडलं असतं, तुम्ही गेलात तर मुद्दाम विचारा, प्रश्न विचारलेले त्यांना आवडतात.

कर्लीची गोष्ट तर मी घरी येऊन सगळ्यांना सांगितली. विशीच्या आतबाहेरचा पोरगा, त्याने लांबून कस्टरचा शेवट बघितला आणि नदीच्या संगमावर उभ्या असलेल्या फार वेस्ट नावाच्या आगबोटीपर्यंत पोचला. जगाला बातमी सांगणारा पहिला माणूस, आणि बोटीवर कोणाला त्याची भाषा येईना. मग त्याने आकृती काढली म्हणतात, आतल्या गोलात सैनिक, बाहेरच्या गोलात सू, आणि खुणा करून आतला गोल पुसला गेल्याचं दाखवलं. पुढे लोकांनी त्याला खोटारडासुद्धा म्हटलं, आयुष्यभर तेच तेच विचारत राहिले.

आणि हे बाकीच्यांच्याही वाट्याला आलं. १९०७ मध्ये फोटोग्राफर एडवर्ड कर्टिस गोज अहेड, हेअरी मोकॅसिन आणि व्हाइट मॅन रन्स हिम या तिघांना घेऊन हे रान फिरला, दुभाषी होता अलेक्झांडर अपशॉ, मूळ अमेरिकन मुलांच्या कार्लाइल शाळेत शिकलेला क्रो. तिघांनी सांगितलं की रिनो खाली मार खात होता तेव्हा कस्टर वर कड्यावरून बघत थांबला होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने कर्टिसला सांभाळून घे असा सल्ला दिला आणि ती साक्ष कर्टिसच्या हयातीत छापलीच गेली नाही. तिघं बरोबर होते की नाही यावर आजही वाद आहे, पण प्रत्यक्ष तिथे उभ्या असलेल्या माणसांचं म्हणणं कपाटात ठेवायचं याचा मला त्या कड्यावर उभं राहून खरंच राग आला.

बाबांनी गाईडला तो प्रश्न विचारला जो आपल्या डोक्यात असतोच, की तुम्ही गोऱ्यांच्या बाजूने का गेलात. मी जरा अवघडले पण तो अजिबात चिडला नाही. म्हणाला नकाशा बघा, अमेरिकन सरकारबरोबरच्या १८६८ च्या तहाने ही जमीन क्रोंची होती, लढाई झाली ती आमच्या रिझर्व्हेशनमध्ये, म्हणजे आमच्यासाठी राखलेल्या जमिनीवर, आणि संख्येने कितीतरी मोठे सू आणि शायेन आम्हाला इथून रेटत होते. आमच्या आजोबांनी कस्टरसाठी नाही, आपल्या जमिनीसाठी घोडे काढले. क्रो अजून इथेच राहतात हे खरं, पण रिझर्व्हेशन नंतर कापत कापत किती लहान केलं तेही त्याने सांगितलं. बाबांना पटलं. मला अर्धं पटलं, कारण अ‍ॅरिझोनात काय झालं ते मी आधी वाचलं होतं: मार्टिन आणि कायिता, ज्या दोघा अपाची स्काउट्सनी आर्मीशी लढणाऱ्या अपाची म्होरक्या जेरोनिमोच्या तळात जाऊन त्याला शरण यायला राजी केलं, त्यांनाच १८८६ मध्ये त्याच्यासोबत कैदी म्हणून फ्लोरिडाला धाडलं. इमानाची किंमत सगळीकडे सारखी नाही मिळाली.

टूरनंतर दोन गोष्टी करा. एक, तिथल्याच कस्टर नॅशनल सेमेटरीत जा, कर्ली, गोज अहेड, व्हाइट मॅन रन्स हिम आणि व्हाइट स्वान यांच्या कबरी तिथे आहेत. व्हाइट स्वान त्या दिवशी हातापायाला जबर जखमी झाला, नंतर त्याने आपली लढाई कापडावर चित्रं काढून सांगितली. दोन, इंडियन मेमोरियलमध्ये आत जाऊन भिंती वाचा. हे मेमोरियल २००३ चं, गोलाकार, तारेतून घडवलेले घोडेस्वार आहेत ते सगळे फोटोत घेतात, पण आत लाकोटा-शायेनच्या बरोबरीने क्रो आणि अरिकारा यांच्याही पाट्या आहेत, दोन्ही बाजू एकाच भिंतीत. जागेचं नावसुद्धा १९९१ पर्यंत कस्टर बॅटलफील्ड होतं.

बाकी प्रॅक्टिकल: सावली नाही, जूनमध्येसुद्धा ऊन कडक, टोपी आणि पाणी हवंच, वारा एवढा की छत्रीचा उपयोग नाही. आईचे गुडघे दुखतात तरी बसमुळे तिला सगळं बघता आलं, उतरायचं कमी आहे. शाकाहारी असाल तर एक्झिटजवळ फ्राय ब्रेड मिळतो, जाड भटुऱ्यासारखा लागतो, वर बीन्स-चीज घालून घ्या, मांस नको म्हणून आधी स्पष्ट सांगा. जवळच्या एका दुकानात कस्टरचे टी-शर्ट ढिगाने, स्काउट्सचं साधं पोस्टकार्डसुद्धा नाही, ते खटकलं, मुलांना कर्लीचा फोटो हवा होता.

रेटिंग पाचपैकी पाच. सकाळची पहिली बस घ्या म्हणजे ऊन लागत नाही आणि ट्रेल, सेमेटरी, मेमोरियल जेवायच्या आत होतं. तिकिटं आधी फोन करून विचारून घ्या, वेळा दर सीझनला बदलतात, आणि ऑगस्टमध्ये जात असाल तर क्रो फेअर या त्यांच्या जत्रेच्या तारखा बघा, तेव्हा आजूबाजूला राहायला जागा मिळत नाही, बिलिंग्जला बुकिंग करून ठेवा.