तीन बाजूंचा टूथब्रश, डाऊन सिंड्रोमवाल्या मुलांसाठी कसाय?

आधी सरळ सांगते, ब्रश चांगलाय पण छोटी साइज घ्या. पॅकवर वयाप्रमाणे साइज दिलीय, त्यावर जाऊ नका, कारण डाऊन सिंड्रोममध्ये वरचा जबडा लहान, टाळू अरुंद आणि तेवढ्या जागेत जीभ मावत नाही म्हणून ती पुढे येते, त्यात दात उशिरा येतात, काही तर येतच नाहीत. आमच्या पोराचा वरच्या पुढच्या दातांच्या शेजारचा एक दात नाहीच आणि दुसऱ्या बाजूचा आलाय तो खुंटीसारखा निमुळता. अशा तोंडात ब्रशचं मोठं डोकं घातलं की लगेच उमासे.

फायदा म्हणजे वेळ वाचतो. आतून, बाहेरून, वरून एकदमच घासलं जातं, ज्यांचं मूल धड अर्धा मिनिट तोंड उघडं ठेवत नाही त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. बाजूच्या ब्रिसल्स हिरडीच्या कडेला तिरप्या टेकतात आणि माझ्या मते हाच खरा पॉइंट, कारण या मुलांना किडीपेक्षा हिरड्यांचा त्रास जास्त आणि लवकर होतो, इम्युनिटी कमी, दातांची मुळं बऱ्याचदा आखूड, मग हिरडी बिघडली की न किडलेला चांगला दातसुद्धा हलायला लागतो.

आता न आवडलेलं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे हा नीट बसतच नाही, घासून झाल्यावर बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. तिथे मी लहान डोक्याचा साधा ब्रश उभा धरते. दात एकमेकांवर चढलेले असतील तिथेही हीच बोंब. शिवाय आमचा रात्री दात खातो तसा ब्रशही चावतो, ब्रिसल्स फाकल्या की संपलं, फेकूनच द्यायचा.

पॅकवर ‘डेंटिस्टची गरजच नाही’ टाइप काहीतरी छापलंय, ते वाचून डोकंच फिरलं. साचून कडक झालेलं कीटण ब्रशने निघत नसतं हो! डेंटिस्टकडे जाताना हार्टचे रिपोर्टही न्या, यातल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि काहींना क्लीनिंगआधी अँटिबायोटिक लागतं. मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, तेही सांगा, खुर्चीत मान जोरात मागे टाकायची नाही.

चार स्टार. हँडल जाड केलं तर पाचवा देईन, पोरगा स्वतः धरतो तेव्हा सटकतंच हातातून.