‘दोनशे लिटर’ची टाकी आणि मला लागलेला चुना (मरीन टँक घेणाऱ्यांनी वाचाच)

कोल्हापुरात मरीनवाले, म्हणजे समुद्रातले मासे घरच्या काचेच्या टाकीत पाळणारे-विकणारे, तसे थोडेच, गोड्या पाण्याचे गोल्डफिश, गप्पी गल्लोगल्ली मिळतात पण खाऱ्या पाण्याचं कोण करतंय म्हटलं की दोन-चार नावं निघतात, त्यामुळं जो भेटेल त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो आणि हे लोक त्याचाच फायदा घेतात. दुकानाचं नाव घेत नाही, पण त्यानं मला कसं गंडवलं ते सांगतो.

दुकानात डिस्प्लेला टाकी होती, तीन फूट लांब, दीड फूट उंच, दीड फूट रुंद. मालक म्हणाला, "साहेब, दोनशे लिटर, मरीनला एकदम परफेक्ट." हिशोब बरोबर आहे बघा, 3 × 1.5 × 1.5 म्हणजे 6.75 घनफूट, एका घनफुटात 28.3 लिटर बसतं, म्हणजे 191 लिटर. ठरलं, पैसे दिले, सेटअप सगळा मिळून पस्तीस हजारांच्या वर गेला. पण घरी आलेली टाकी रुंदीला एकच फूट, आणि ते मला कळलं पार शेवटी! आता समोरून बघितलं तर दोन्ही टाक्या सेम दिसतात की, समोरची काच तेवढीच, फरक सगळा मागं. त्यात त्यांच्या पोरांनीच ती भिंतीला चिकटवून बसवली, रॉक, म्हणजे टाकीतले समुद्री दगड, रचले, ड्रमनं पाणी आणून भरलं, मीठ कालवलं आणि वर सात किलो मरीन सॉल्टचे पैसे लावले. लिटरला साधारण 35 ग्रॅम धरलं तर सात किलो दोनशे लिटरलाच लागतं. माझ्या टाकीत त्याच्या निम्म्यानं भागलं असणार, बाकीचं कुठं गेलं ते अंबाबाईलाच ठाऊक.

मासे देताना तर कहरच. निमोची, म्हणजे क्लाउनफिशची, जोडी दिली ती ठीक, तीन फुटात ते आरामात राहतात, वाढून वाढून बोटाएवढे होतात. पण सोबत डोरी, म्हणजे ब्लू टँग, पण गळ्यात मारली. मी विचारलं, ही मोठी होते ना? तर म्हणाला, "मासा टाकीएवढाच वाढतो." अरे काय बी! ब्लू टँग एक फुटापर्यंत जाते आणि दिवसभर पोहत राहणारा मासा आहे तो, सहा फुटी टाकी लागते त्याला. एक फूट रुंदीत एक फुटाचा मासा वळणार कसा? छोट्या टाकीत मासा खुजा राहतो तो ताणानं आणि घाण पाण्यानं, टाकी बघून नाही. त्याच दुकानात "समुद्रघोडा पाहिजे तर मागवून देतो" असं पण हळूच सांगितलं होतं. आपल्या वन्यजीव कायद्यानं तो संरक्षित आहे, पकडणारा आणि पाळणारा दोघंही आत जातील.

पुढं व्हायचं तेच झालं. टँगच्या अंगावर मिठाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके आले, व्हाइट स्पॉट नावाचा रोग, टँगला तो लगेच धरतो. दुकानदारानं कॉपरचं, म्हणजे तांब्याचं, औषध दिलं, म्हणाला दोनशे लिटरचा डोस मोजून टाकीतच ओता. ओतला. संध्याकाळपर्यंत टाकीतला क्लीनर श्रिंप (कोळंबीचाच एक प्रकार) उलटा पडलेला, दुसऱ्या दिवशी टँग तळाला आडवी, निमो पृष्ठभागाला येऊन धापा टाकत होते, ते पण गेले. कॉपर श्रिंपला विषच, ते मेन टाकीत टाकायचंच नसतं, वेगळी टाकी करून टेस्ट किटनं मोजत द्यायचं असतं. दुकानदार वर मला म्हणतो, "तुमचा हात जड पडला असंल."

मग रॉक सकट सगळं बाद, कारण तो कॉपर शोषून ठेवतो. टाकी रिकामी करायला पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे जार घेतले. चार जार भरले, पाचवा अर्ध्यावर आला आणि टाकीत खाली नुसती ओली वाळू! नव्वद लिटर. तेव्हा टेप लावला तर रुंदी एक फूट. बाहेरून मोजलं तरी 4.5 घनफूट, म्हणजे 127 लिटर, त्यातनं काचेची जाडी, वर सोडलेली जागा, वाळू, रॉक वजा करा. म्हणजे औषध दुपटीहून जास्त पडलं होतं.

जाब विचारायला गेलो तर म्हणे, "दोनशे म्हणजे अंदाजे बोललो." बिल म्हणून दिलेल्या चिठ्ठीवर ‘मरीन सेट – 1’ एवढंच, ना माप, ना लिटर, ना जीएसटी नंबर. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केलाय, पण कागदच कच्चा असल्यानं घोडं अडलंय. तेव्हा भावांनो, टाकी घ्यायला जाताना टेप खिशात ठेवा, लांबी-रुंदी-उंची काचेच्या आतून सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणून हजारानं भागा की लिटर आले, आणि तो आकडा दुकानदाराकडनं पक्क्या बिलावर लिहून घ्या. लिहायला कां कूं करायला लागला की समजा, आणि पैसे द्यायच्या आधीच बाहेर पडा.