‘फोर-के सपोर्टेड’च्या नावाखाली फुल एचडी टीव्ही

‘एचडीचा जमाना संपला, आता सगळे चॅनल फोर-के होणार’ असं सांगत ठाणे-नवी मुंबईत अनोळखी ब्रँडचे टीव्ही गळ्यात मारले जातात. घणसोलीतल्या एका कुटुंबाने असाच ‘४३ इंची फोर-के’ सेट १८,५०० रुपयांना घेतला. खोक्यावर ‘फोर-के’ ठळक होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘सपोर्टेड’. सगळी फसवणूक त्या एका शब्दात आहे.

फोर-के पॅनलवर, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर, आडवे ३८४० आणि उभे २१६० पिक्सेल (चित्र बनवणारे बारीक चौकोन) असतात. फुल एचडीत १९२० बाय १०८०, एचडी रेडीत बहुतेक १३६६ बाय ७६८. ‘सपोर्टेड’ म्हणजे आतला बोर्ड फोर-के सिग्नल घेतो आणि तो कमी करून पॅनलच्या मापात बसवतो, एवढंच. सेटिंगमध्ये ३८४० बाय २१६० दिसलं तरी तो पुरावा धरू नका. सॉफ्टवेअरमध्ये आकडा हवा तो लिहिता येतो.

खरी तपासणी फुटपट्टीने होते. स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र आणा, पट्टी आडवी धरून हलकेच टेकवा (दाबलीत तर पॅनल जाईल) आणि मोबाइलच्या मॅक्रो मोडवर (अगदी जवळून फोटो काढायची सोय) फोटो काढा. फोटो मोठा केला की लाल, हिरवा, निळा असे ठिपके सुटे दिसतात. तिन्ही मिळून एक पिक्सेल. ४३ इंची स्क्रीन साधारण ९५ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणून एका सेंटीमीटरमध्ये फोर-केचे ४० पिक्सेल भरतात, फुल एचडीचे २०, एचडी रेडीचे १४. घणसोलीच्या सेटवर भरले जवळपास २२. म्हणजे पॅनल फुल एचडी, आणि २० च्या जागी २२ का, तर सेट ४३ इंचीही नव्हता. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, चौकट सोडून, टेप लावली तर १०९ सेंटीमीटर हवे होते, भरले १०१. म्हणजे ४० इंच.

बारीक काळ्या-पांढऱ्या रेघांचा नमुना लावून, रेघा सुट्या दिसतात का, असं पॅनल तपासायचं असेल तर नमुन्याचा फोटो नको, फोर-के व्हिडिओच लावा. कित्येक अस्सल फोर-के सेटही मेनू आणि फोटो १०८० मध्येच दाखवतात, मग चांगला सेट उगाच नापास होतो.

दुसरी खोट अ‍ॅपची. या सेटमध्ये बऱ्याचदा गूगलची मान्यता नसलेलं, मोबाइलचं अँड्रॉइड घातलेलं असतं. डीआरएम इन्फो हे अ‍ॅप टाकून वाइडवाइनची (व्हिडिओची चोरी रोखणारं गूगलचं कुलूप) पातळी बघा. एल-३ असेल तर नेटफ्लिक्सचं चित्र ४८० रेघांच्या वर चढत नाही, पॅनल कितीही भारी असो. एल-१ हवं.

मुळात तुम्हाला फोर-के लागतो का, हेही दुकानात जाण्याआधी ठरवा. डीटीएचचे एचडी चॅनल १०८० चेच असतात. ४३ इंची फुल एचडीचे पिक्सेल साधारण पावणेदोन मीटरच्या पलीकडून सामान्य नजरेला वेगळे दिसत नाहीत, आणि आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा बहुधा त्याहून लांबच असतो. मुख्यतः मालिका आणि बातम्या बघणाऱ्या घराला चांगल्या कंपनीचा फुल एचडी पुरतो. मात्र सेट-टॉप बॉक्स एचडी हवा आणि तो एचडीएमआय केबलनेच जोडा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलात तर एचडीचे पैसे भरून जुन्या ५७६ रेघांचंच चित्र बघाल.

आता बिल. घणसोलीच्या बिलावर फक्त ‘एलईडी टीव्ही ४३’ लिहिलं होतं, त्यामुळे भांडायला हातात काही उरलं नाही. मॉडेल नंबर, सिरीयल नंबर आणि ‘पॅनल ३८४० बाय २१६०’ हे शब्द बिलावर लिहून मागा. लिहायला का-कू केली तर तिथून निघा. ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ याला भुलू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे कोणी २८ लावत असेल तर तिथेच अडवा. सेटच्या मागे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा.

दुकानात लावलेला सेट आणि घरी आलेला सेट एकच असेल असं गृहीत धरू नका. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, सिरीयल नंबर बिलाशी ताडून बघा, पट्टी त्याच दिवशी लावा. फसवणूक निघाली तर आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. खोकं मात्र रद्दीवाल्याला देऊ नका, ‘सपोर्टेड’ची ती बारीक अक्षरं त्याच्यावरच छापलेली असतात.