दोन जुने पीसी जोडायचे असतील तर कोल्हापुरात राजारामपुरीतलं हे दुकान बघा

शिवाजी पेठेत घरीच पप्पांचं डीटीपीचं काम चालतं, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पावतीपुस्तकं वगैरे. एक पीसी विंडोज एक्सपीचा, त्यात पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि सगळे मराठी फॉन्ट, दुसरा विंडोज ७ चा, त्याला प्रिंटर. दिवसभर पेनड्राइव्ह इकडनं तिकडं आणि त्यातनं व्हायरस पण इकडनं तिकडं. आधी एका दुकानात विचारलं तर म्हणे दोन्ही भंगारात घाला, नवीन घ्या. अहो पण पप्पांचा हात पेजमेकरवर बसलाय, जुन्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या फायली त्यातच उघडतात, ते कसं टाकायचं?

इथं आलो आणि विचारलं, "दादा, राउटर घ्यायला लागंल का?" तर म्हणाले, "कशाला ओ, दोनच मशीन हैत न्हवं? क्रॉस केबल मारतो, बास झालं." गिऱ्हाईक स्वतःहून राउटर मागतंय आणि दुकानदार नको म्हणतोय, मला हेच लई आवडलं.

केबल घरी येऊन समोरच बनवली. एका टोकाला नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी आणि शेवटी तपकिरी जोडी, दुसऱ्या टोकाला नारंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल, म्हणजे प्लगमधल्या १ नंबरच्या पिनची वायर ३ ला आणि २ ची ६ ला. याचं पाठवायचं ते त्याच्या घ्यायच्या वायरीत जातं म्हणून मधे काही लागत नाही. नवीन कार्डं साधी केबल लावली तरी आपोआप जुळवून घेतात, आमच्या जुन्या १०० एमबीपीएसच्या कार्डांना ते जमत नाही. टोकाला प्लग दाबून बसवल्यावर (क्रिंप) टेस्टर लावून दाखवला, मग भिंतीकडेनं नीट क्लिपा मारल्या.

सेटिंग पण व्यवस्थित. आयपी पत्ता (नेटवर्कमधला पीसीचा नंबर) एकाला १९२.१६८.०.१, दुसऱ्याला १९२.१६८.०.२, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, दोन्हीकडं वर्कग्रुपचं नाव एकच. विंडोज ७ चा होमग्रुप (घरातले पीसी जोडायची तयार सोय) एक्सपीला चालत नाही म्हणून त्याच्या नादाला न लागता साधं फोल्डर शेअरिंग केलं. पहिल्यांदा पिंग (दुसरा पीसी उत्तर देतो का बघायची चाचणी) जाईना, तर फायरवॉल पूर्ण बंद करून टाकणारे लई बघितलेत मी, यांनी फक्त फाइल आणि प्रिंटर शेअरिंगला परवानगी दिली. गेटवे (नेटकडं जायच्या वाटेचा पत्ता) मुद्दाम रिकामा ठेवला आणि पप्पांना बजावलं की एक्सपीला नेट लावायचं नाही, त्याचे अपडेट २०१४ लाच बंद झालेत. प्रिंटरचा एक्सपीवाला ड्रायव्हर पण शोधून टाकला, आता पप्पा जागेवरनं प्रिंट देतात. एक जीबीचा फोल्डर दोन मिनिटांच्या आत जातो, आमच्या कामाला रग्गड आहे.

तक्रार एकच, फोन लवकर उचलत नाहीत आणि घरी यायला वेळ लावतात, लग्नसराईत आम्हाला तेवढं थांबणं परवडत नाही. दोन्ही मशीन दुकानात घेऊन गेलात तर सेटिंग लवकर होईल, केबल मात्र जागेवर माप घेऊनच बनवून घ्या. आणि पुढं तिसरा पीसी जोडायचा असेल तर आधीच सांगा, मग क्रॉस केबल नको, पाच पोर्टचा स्विच (अनेक पीसी एकत्र जोडायचा डबा) आणि साध्या केबली घाला असं त्यांनीच सांगितलंय.