९९ रुपयांचा पुस्तकांचा बॉक्स मागवताय? आधी हे वाचा

आम्ही भांडुपला राहतो, लेक सात वर्षांची. जूनमध्ये तिच्यासाठी दरमहा घरपोच पुस्तकं पाठवणाऱ्या एका क्लबात नाव घातलं. जाहिरातीत ठळक अक्षरांत एवढंच, '९९ रुपयांत तीन पुस्तकं'.

पुस्तकं छान होती, हे आधी सांगते. जाड पानं, मोठी चित्रं. एकात कागदी पट्टी ओढली की बेडूक उडी मारायचा. लेक ते उशाशी घेऊन झोपायची.

जुलैत खात्यातून ८९९ रुपये गेले. फोन केला तर, "मॅडम, सहा बॉक्सचा प्लॅन आहे, अटींत लिहिलंय." अटी उघडून बघितल्या. दर महिन्याच्या २० तारखेआधी नको म्हणून कळवलं नाही, तर बॉक्स निघणारच आणि परत पाठवायचा कुरियरखर्च आपला! बंद करायचं बटण ॲपमध्ये कुठेच नाही. फोनच करायचा, तोही अकरा ते पाच. नोकरी करणाऱ्या बाईने तो कधी करायचा?

मला जे सांगायचंय ते पिनच्या पानाबद्दल. यूपीआय पिन टाकण्याआधी ऑटोपेचं, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देण्याचं, पान येतं. त्यावर ९९ च्या खाली कमाल रक्कम ८९९, 'दरमहा' आणि शेवटची तारीख, तिन्ही लिहिलेलं होतं. मी ९९ बघितले आणि पिन टाकला. तुम्ही त्या तीन ओळी वाचल्याशिवाय टाकू नका.

यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन मी ती परवानगी (मँडेट) रद्द केली. पण त्याने फक्त पैसे कापणं थांबतं, सभासदत्व सुटत नाही. म्हणून वेगळा ईमेल टाकला, स्क्रीनशॉट जपून ठेवले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातल्या १३ प्रकारांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' (सभासदत्व सोडणं अवघड करून ठेवणं) नाव घेऊन आहे. तक्रारीत मी तेच लिहिलं. आठवड्याभरात क्लबाचाच फोन आला, प्लॅन बंद झाला.

पुस्तकांना पाचपैकी चार, क्लबाला एक. दुसरा बॉक्स न फोडता तसाच कपाटावर आहे. तो त्यांनी त्यांच्या खर्चाने न्यावा आणि ८९९ परत करावेत, असं दुसरं पत्र कालच पाठवलंय.