बटरक्रीम ट्रान्सफरसाठी शीट कुठली? बटर पेपर, ओएचपी आणि अ‍ॅसिटेट

निकाल आधीच सांगून टाकतो. फ्रोझन बटरक्रीम ट्रान्सफरसाठी, म्हणजे शीटवर क्रीमने चित्र काढून, गोठवून ते केकवर उतरवण्यासाठी, फूड ग्रेड अ‍ॅसिटेटची (पारदर्शक प्लास्टिकची) सपाट ए-४ शीट घ्यावी. रोल नको, आणि बटर पेपर तर नकोच. तीन वस्तूंचे पैसे वेगळे, काम वेगळं, तरी केक साहित्याच्या दुकानात तिन्ही एकाच दमात 'चालेल हो' म्हणून दिल्या जातात.

या कामाची गंमत अशी की सगळं उलटं करायचं असतं. उलटं छापलेलं चित्र खाली, त्यावर शीट. शीटवर आधी काळी बाह्यरेखा, मग आतले रंग, शेवटी पाठीवर क्रीमचा जाड थर. हे गोठवायचं, केकवर पालथं घालायचं आणि शीट सोलायची. म्हणजे जी बाजू शीटला टेकलेली तीच शेवटी गिऱ्हाइकाला दिसते. शीटवरची सुरकुती, ओरखडा, तेलकट बोटाचा ठसा, सगळं चित्रावर उमटतं. क्रीम कितीही चांगलं असो, शीट मार खाल्लेली असेल तर चित्रही तसंच.

बटर पेपर या नावाखाली आपल्याकडे दोन गोष्टी विकल्या जातात. एक पातळ, खुळखुळणारा, अर्धपारदर्शक कागद. त्याला सिलिकॉनचा थर नसतो. लोण्यातलं पाणी तो शोषतो, फुगतो आणि रंग भरून होईपर्यंत त्याच्यावर लाटा आलेल्या असतात. गोठल्यावर त्या लाटा चित्राच्या चेहऱ्यावर पक्क्या. दुसरा सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर. तो सुटतो छान, पण पृष्ठभाग मॅट येतो आणि खालची रेघ धूसर दिसते. साधं फूल किंवा दोन अक्षरं काढायची असतील तर चालून जाईल. डोळे, भुवया असलेल्या कार्टूनला नाही.

स्टेशनरीच्या दुकानातली ओएचपी शीट (ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठीची पारदर्शक शीट) अनेक जण वापरतात, कारण ती काचेसारखी स्वच्छ दिसते. मात्र इंकजेट प्रिंटरसाठीच्या शीटला एका बाजूने शाई धरून ठेवणारा थर असतो. त्या बाजूला क्रीम लावलं तर तेही तो धरून ठेवतो आणि सोलताना रंगाचे पोपडे निघतात. शिवाय ती खाण्याच्या वस्तूसाठी बनवलेलीच नाही. ऑफिसातल्या फाइलच्या प्लास्टिक कव्हरबद्दलही हेच म्हणणं.

अ‍ॅसिटेटमध्ये १०० ते १५० मायक्रॉन जाडी पाहून घ्यावी. ७५ ची पातळ शीट उचलताना मधे लवते आणि गोठलेलं चित्र तडकतं. मूस केकच्या कडेला लावायचा रोल म्हणजे तेच प्लास्टिक, पण गुंडाळून राहायची सवय काही जात नाही. फ्रीझरमध्ये कडा वर येतात आणि चित्र वाटीसारखं होतं. रोलच घरात असेल तर ताटलीवर चारही कोपरे चिकटपट्टीने दाबून टाकावेत. काही शीटना दोन्ही बाजूंनी संरक्षक फिल्म असते, ती काढायला विसरू नये.

अ‍ॅसिटेटचा खरा फायदा शीट सोलताना नाही, चित्र काढताना आहे: शीट उचलून खालून बघता येतं. काळी रेघ आणि आतला रंग जिथे भेटतात, तिथे शीटला लागून बारीक त्रिकोणी पोकळ्या राहतात. वरून क्रीम सलग दिसतं, खालून बघितलं की नाकाच्या कडेला किंवा बोटांच्या बेचक्यात भोकं. टूथपिकच्या टोकाने क्रीम तिथे ढकललं की काम झालं. बटर पेपरवर हे केक समोर आल्यावरच कळतं, आणि तेव्हा उपाय नसतो. अक्षरंही तशीच खालून वाचून घ्यावीत. चित्र उलटं छापायचं राहिलं तर 'किरण'मधली ऱ्हस्व वेलांटी केकवर दीर्घ होऊन अक्षराच्या दुसऱ्या बाजूला उभी राहते.

शीट चांगली असली तरी क्रीम साथ देणारं हवं. १५ सेंटिमीटरच्या गोल चित्राला ६ मिलिमीटर जाडी धरली तर जेमतेम १०० ते ११० ग्रॅम क्रीम लागतं, पण प्रत्येक रंगाच्या पायपिंग कोनात (क्रीम भरायच्या पुडीत) थोडं अडकून राहतं. म्हणून ५० ग्रॅम अनसॉल्टेड बटर, ५० ग्रॅम व्हेजिटेबल शॉर्टनिंग (वनस्पती तेलापासूनची पांढरी घट्ट चरबी) आणि २०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर घ्यावी. उरलेलं कडेच्या बॉर्डरला लागतंच. नुसतं लोणी ३२-३५ अंशांना वितळतं. मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात त्याचा भरवसा नाही. शॉर्टनिंगच्या जागी वनस्पती तूप घालू नये, ते मुद्दाम दाणेदार केलेलं असतं आणि जिभेला कचकच लागते. मिठाचं पिवळं टेबल बटरही नको. पांढरा पांढरा येत नाही आणि निळा हिरवटाकडे झुकतो.

शेवटची दोन मिनिटं बीटर अगदी हळू फिरवावा, नाहीतर हवेचे बुडबुडे गुळगुळीत चेहऱ्यावर देवीच्या व्रणांसारखे दिसतात. काळ्यासाठी पांढऱ्या क्रीममध्ये रंग ओतत बसू नये. ५० ग्रॅमला १ चमचा कोको घालून तपकिरी करावं, मग काळा जेल रंग. रंग निम्म्याने वाचतो आणि ओघळतही कमी. रात्रभर झाकून ठेवलं तर आणखी गडद होतं. बाह्यरेखा १ किंवा २ नंबरच्या नोझलने काढून शीट १० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावी आणि मगच आत रंग भरावा. ही १० मिनिटं घाईत गाळली जातात आणि रेघा सरकतात. पाठीचा थर केकच्या रंगाचा असावा, पॅलेट नाइफने अगदी सपाट केलेला. पाठ खडबडीत राहिली तर केक आणि चित्र यांच्यात हवा राहते आणि कापताना चित्र तिथेच फुटतं.

उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दीड-दोन तास पुरतात. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र रात्रभर ठेवावं. केक आधी थंड आणि सपाट हवा, आणि चित्राच्या भोवती किमान सव्वा सेंटिमीटर मोकळी जागा. म्हणजे १५ सेंटिमीटरचं चित्र एक किलोच्या ८ इंची केकवर शोभतं, अर्धा किलोच्या ६ इंचीवर नाही. बाहेर काढल्यावर हातात अर्धा-पाऊण मिनिट असतं. पालथं ठेवावं, जागा नक्की करावी, मग सरकवू नये. शीट वर ओढायची नाही; एका कोपऱ्यातून धरून तिच्याच पाठीवर दुमडत, केकला समांतर न्यायची. रंग शीटवर राहतोय असं दिसलं की तिथेच थांबावं. केकसकट १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा प्रयत्न करावा.

नॉन-डेअरी व्हिपच्या (दूध नसलेल्या, फेटून फुगवलेल्या क्रीमच्या) केकवर हे थेट ठेवू नये. वजनाने चित्र जरा खाली बसतं आणि व्हिपच्या ओलाव्याने कडेचे रंग पसरतात. वर गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाचा) पातळ थर देऊन तो घट्ट झाल्यावर ठेवलं तर टिकतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात चित्रावर दवासारखे थेंब जमतात. ते पुसायचे नाहीत, पुसलं की काळा रंग गालावर येतो. केक फ्रिजमध्येच हळूहळू नरम होऊ द्यावा, पुठ्ठ्याच्या खोक्यात, बंद प्लास्टिकच्या डब्यात नाही. थेंब आपोआप सुकतात.

फोटोसारखं हुबेहूब हवं असेल तर खाण्याची प्रिंट शीटच घ्यावी. चार-सहा सपाट रंगांच्या कार्टूनला मात्र क्रीमची चव आणि जाडी दुसऱ्या कशाला येत नाही.

अ‍ॅसिटेट बटर पेपरपेक्षा महाग पडतं, पण कोमट साबणाच्या पाण्याने धुवून पुन्हा वापरता येतं. गरम पाण्यात ते वाकडं होतं आणि तारेच्या घासणीने ओरखडे पडतात, तेव्हा स्पंज वापरावा आणि कोरड्या मऊ फडक्याने पुसावं. ओरखडा पडलेली शीट पाठीच्या थराची तालीम करायला ठेवावी. केक कापताना सुरी दर वेळी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी, नाहीतर पहिल्याच कापाला काळी रेघ पांढऱ्यावरून ओढली जाते.